अधिक कुठे, उणे कुठे? – गाडीच्या चाकाचा ऑफसेट आणि सहावीच्या पूर्णांक संख्या



पूर्णांक संख्या शिकवताना आपण सगळे साधारण तीच उदाहरणं घेतो. तापमापक, समुद्रसपाटी, विहिरीतलं पाणी, फार तर शहरातल्या लिफ्टचे जमिनीखालचे मजले. मुलं उदाहरणं बरोबर सोडवतात, पेपरात गुणही मिळतात. मीसुद्धा बारा वर्षं असंच शिकवत आलोय. पण गेल्या वर्षी याच पाठातल्या एका साध्या गोष्टीत मी स्वतः चुकलो. त्या चुकीपायी माझ्या भावाचे बरेच पैसे गेले. पैशांचं एक वेळ सोडा, आंबा घाटात गाडीत आई बसलेली असताना पुढचं चाक घासायला लागलं, ते मी विसरू शकत नाही. म्हणून आजचा पाठ थोडा वेगळा आहे. विषय आहे गाडीच्या चाकाचा ऑफसेट. गाडी नसणाऱ्यांनीही वाचा, कारण यातलं गणित सहावीचंच आहे.

झालं असं. धाकट्या भावाने जिम्नी घेतली, पाच दारांची, सेकंड हॅण्ड. गाडी चांगली, पण त्याला तिचे टायर बारीक वाटायचे. कंपनीकडून तिला १९५/८० आर १५ मापाचे टायर येतात. एवढ्या उंच, चौकोनी गाडीला ते बारीक दिसतात, हे खरंच आहे. एका दुकानात त्याला रुंद अलॉय चाकं आणि २३५/७५ आर १५ चे टायर दाखवले. चाकावर लिहिलं होतं : १५ × ७ जे, ५ × १३९.७, ईटी −२०. त्याने मला फोन केला, "दादा, होल जुळतात म्हणतोय दुकानदार. पण हे उणे वीस काय आहे? चाक बाहेर तर येणार नाही ना?"

मी गणिताचा शिक्षक. शाळेतून घरी येताना, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन. मी म्हणालो, "उणे म्हणजे आत. चाक वीस मिलिमीटर आत जाईल, बाहेर येणार नाही. घे."

बरोबर उलटं होतं. चाक आत नव्हे, बाहेर येणार होतं.

आधी शब्द समजून घेऊ

चाक म्हणजे टायर नव्हे. टायर ज्यावर बसतो ती धातूची डिस्क किंवा रिम म्हणजे चाक, असं आपण या लेखापुरतं धरू. चाकाच्या मधोमध एक सपाट, जाड भाग असतो, त्यात नटांची भोकं असतात. हा भाग गाडीच्या हबला टेकतो आणि नट आवळले की तिथेच घट्ट बसतो. याला आपण बैठक म्हणू.

आता चाक उभं धरा आणि सुरीने कलिंगड कापावं तसं त्याच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर मनातल्या मनात कापा. अर्धं चाक रस्त्याच्या बाजूला, अर्धं गाडीच्या बाजूला. या कापाला मध्यरेषा म्हणू. चाकाची बैठक या मध्यरेषेवरच असेल असं काही नाही. ती थोडी बाहेरच्या अंगाला किंवा थोडी आतल्या अंगाला सरकलेली असते. किती सरकलीय, ते मिलिमीटरमध्ये सांगणारा आकडा म्हणजे ऑफसेट. बैठक मध्यरेषेच्या बाहेर, म्हणजे रस्त्याकडे असेल तर ऑफसेट धन. आत, म्हणजे गाडीकडे असेल तर ऋण. बरोबर मध्यावर असेल तर शून्य.

चाकावर ईटी ही दोन अक्षरं असतात ती जर्मन भाषेतल्या आइनप्रेसटीफे या शब्दाची. भारतात मिळणाऱ्या चाकांवरही तीच छापलेली असतात. बहुतेक वेळा हा आकडा चाकाच्या मागच्या बाजूला, एखाद्या आऱ्यावर ओतकामातच उठवलेला असतो. समोरून चाक कितीही निरखा, तो दिसत नाही.

बाकीचे आकडे पटकन सांगतो. १५ म्हणजे चाकाचा व्यास इंचांत. ७ म्हणजे रुंदी इंचांत, पण ही रुंदी टायरच्या दोन कडा जिथे बसतात त्या दोन जागांमधली. चाकाचे बाहेरचे ओठ धरून मोजलं तर साधारण एक इंच जास्त भरतं. जे हे अक्षर त्या ओठाच्या आकाराचं आहे. ५ × १३९.७ म्हणजे पाच भोकं, आणि ती ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास १३९.७ मिमी. हा आकडा विचित्र वाटतो ना? मुलांना १३९.७ ला २५.४ ने भागायला लावा. उत्तर बरोबर ५.५ येतं. म्हणजे तो साडेपाच इंचच आहे, फक्त मिलिमीटरचे कपडे घातलेला. आणि योगायोग असा की जिम्नीच्या मूळ चाकाची रुंदीसुद्धा साडेपाच इंच. दोन वेगळी मापं, आकडा एकच. गोंधळ व्हायला हे पुरेसं आहे.

"होल जुळतात" एवढ्यावर आपण चाक घेतो. पण जुन्या जिप्सीलाही ५ × १३९.७ च आहे, आणि फॉर्च्युनरला १३९.७ च आहे पण भोकं सहा. शिवाय मधलं मोठं भोक गाडीच्या हबवर जायला हवं. जिम्नीचा हब सुमारे १०८ मिमीचा आहे, त्याहून लहान भोकाचं चाक बसणारच नाही. एवढं सगळं जुळलं तरी चाक नेमकं कुठे उभं राहणार, हे अजून कळलेलं नसतं. ते ऑफसेट सांगतो.

मग मी चुकलो कुठे?

मी "उणे म्हणजे आत" म्हणालो, ते चूक नव्हतं. उणे म्हणजे आतच. पण आत काय? बैठक आत. चाक नव्हे.

चाकाच्या मध्यरेषेवर उभं राहून बैठकीकडे बघितलं तर ऋण ऑफसेटची बैठक गाडीच्या बाजूला दिसते. पण गाडीचा हब जागचा हलत नाही ना! बैठक हबला जाऊन टेकणारच. मग बैठकीला चाकाच्या आत ढकललं, तर प्रत्यक्षात चाकच बाहेर सरकतं. एसटीच्या खिडकीतून झाडं मागे पळताना दिसतात, तेव्हा झाडं जागेवरच असतात आणि आपण पुढे जात असतो, तसंच. शून्य कुठे धरलंय ते बदललं की चिन्ह उलटतं. आपण वर्गात संख्यारेषा काढतो तेव्हा शून्य फळ्यावर आयतं लिहून देतो. ते शून्य कोणाचं, कशावर ठेवलेलं, हे मुलांना कधी ठरवूच देत नाही. मला तरी कोणी ठरवू दिलं नव्हतं.

एसटीवरून आठवलं. ऑफसेट बघायला जिम्नी लागत नाही, आपल्या स्टॅंडवर चला. लाल डब्याचं पुढचं चाक बघा. चाकाचा मधला भाग, नटांसकट, बाहेर फुगून आलेला असतो. बैठक रस्त्याच्या बाजूला, म्हणजे मोठा धन ऑफसेट. टायर त्यामुळे गाडीच्या अंगाखाली गेलेला. आता मागचं चाक बघा. मागे प्रत्येक बाजूला दोन टायर असतात. त्यातल्या बाहेरच्या चाकाचा मधला भाग परातीसारखा आत खोल गेलेला दिसतो. बैठक गाडीच्या बाजूला, टायर बाहेर. म्हणजे ऋण ऑफसेट.

आणि गंमत म्हणजे ही दोन्ही चाकं एकच असतात! मागच्या जोडीत आतलं चाक पुढच्यासारखं सुलटं बसवतात आणि बाहेरचं उलटं करून त्याच्या पाठीला पाठ लावतात. दोन टायरमध्ये फट राहते ती त्यामुळेच. स्टेपनी एकच, पण ती पुढेही चालते आणि मागेही. चाक उलटं केलं की ऑफसेटचं चिन्ह बदलतं, आकडा तोच राहतो. विरुद्ध संख्या शिकवायला याहून चांगलं साधन मला तरी सापडलेलं नाही, आणि ते रोज सकाळी आपल्या शाळेसमोरून जातं. (कारचं किंवा जिम्नीचं चाक मात्र असं उलटं लावता येत नाही. नट टेकायच्या जागा एकाच बाजूने कोरलेल्या असतात, आणि ब्रेकसाठीची पोकळीसुद्धा एकाच बाजूला असते. घरी प्रयोग नको.)

परात लक्षात ठेवा. समोरून चाक जितकं खोल, तितका ऑफसेट उणेकडे आणि तितका टायर बाहेर. भावाची नवी चाकं चांगली खोल होती. मी ती फोटोत बघितलीही होती. तरी माझी ट्यूब पेटली नाही.

घाटात काय झालं

दुकानात गाडी रिकामी होती. चाकं सरळ होती. दुकानदाराने एक चक्कर मारून आणली, काही घासलं नाही. गाडी दिसायलाही झकास दिसत होती, हे कबूल करायला हवं.

पंधरा दिवसांनी मामेबहिणीच्या लग्नाला आम्ही कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो. जिम्नीत चारच माणसं बसतात. भाऊ चालवत होता, मी शेजारी, मागे आई आणि माझी बायको, आणि त्यांच्या मागे आहेराच्या पिशव्या खच्चून भरलेल्या. मलकापूरपर्यंत काही नाही. एकदा उजवं चाक खड्ड्यात गेलं तेव्हा स्टेअरिंग हातातून ओढल्यासारखं झालं, भाऊ म्हणाला टायर मोठे आहेत, सवय होईल. आंबा घाट उतरायला लागलो. एका मोठ्या वळणावर स्टेअरिंग पूर्ण फिरवलेलं, त्यात रस्त्याला खड्डा, आणि पुढून डाव्या बाजूने मोठ्याने घर्रर्र आवाज आला. आईने माझ्या खांद्याला धरलं. पुढच्या वळणावर पुन्हा. भावाने जागा बघून गाडी बाजूला घेतली. टायरच्या खांद्याचं रबर मडगार्डच्या कडेने खरवडलं गेलं होतं आणि आतलं प्लॅस्टिकचं अस्तर एका ठिकाणी फाटून लोंबत होतं.

दुसऱ्या गियरमध्ये, जपत जपत साखरप्यापर्यंत उतरलो. तिथे एका टायरवाल्याने गाडीकडे लांबूनच बघितलं आणि विचारलं, "ऑफसेट किती आहे याचा?" मी म्हटलं, "उणे वीस." तो म्हणाला, "आणि आधीचा?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. आधीचा आम्ही बघितलाच नव्हता.

आधीचा होता अधिक ५. मूळ चाक १५ × ५.५ जे, ईटी ५.

त्याने लाकडी पट्टी आणि मीटर टेप आणला, चाक काढलं आणि मला समजावून सांगितलं. मी शिक्षक आहे हे कळल्यावर हसून म्हणाला, "गुरुजी, चाकाची रुंदी सगळे बघतात. बैठक कुणी बघत नाही." अर्ध्या तासात त्या माणसाने मला जे शिकवलं, तेच मी खाली मांडतोय. आकडेमोड मात्र नंतर घरी बसून केली.

आकडेमोड

रुंदी इंचांत आणि ऑफसेट मिलिमीटरमध्ये, म्हणून आधी एक एकक करून घ्यायचं.

जुनं चाक : ५.५ इंच म्हणजे १३९.७ मिमी. अर्धी रुंदी ६९.८५. ऑफसेट +५. बैठकीपासून आतली कड किती लांब? अर्धी रुंदी अधिक ऑफसेट, म्हणजे ७४.८५ मिमी. बाहेरची कड? अर्धी रुंदी वजा ऑफसेट, म्हणजे ६४.८५ मिमी. दोन्हींची बेरीज १३९.७ आली, म्हणजे हिशोब बरोबर.

नवं चाक : ७ इंच म्हणजे १७७.८ मिमी. अर्धी रुंदी ८८.९. ऑफसेट −२०. आतली कड ८८.९ + (−२०) = ६८.९ मिमी. बाहेरची कड ८८.९ − (−२०) = १०८.९ मिमी.

हे "वजा उणे वीस" बघा. ऋण संख्या वजा करणं म्हणजे मिळवणं, हे आपण मुलांना पाठ करायला लावतो आणि ती विचारतात, "सर, असं कुठे असतं?" इथे असतं. चाकाची बाहेरची कड ६४.८५ वरून १०८.९ वर गेली. म्हणजे ४४ मिमीहून थोडी जास्त, जवळजवळ चार बोटांतल्या तीन बोटांच्या रुंदीएवढी बाहेर. आतली कड मात्र उलट ६ मिमीच्या आसपास सस्पेन्शनपासून दूर गेली. सगळी वाढ एकाच बाजूला, बाहेर.

टायरचंही पाहू. टायर १९५ वरून २३५ मिमी झाला, ४० मिमी रुंद. त्यातले २० आत, २० बाहेर. मध्यरेषा मात्र ५ − (−२०) = २५ मिमी बाहेर सरकलेली. म्हणून टायरची बाहेरची कड २५ + २० = ४५ मिमी बाहेर, आतली कड २५ − २० = ५ मिमी बाहेर. इथे मुलं हमखास एक चूक करतात : चाकाची किंवा टायरची सगळी वाढलेली रुंदी एकाच बाजूला धरतात. वाढ निम्मी निम्मी वाटायची, आणि मग ऑफसेटचा फरक वेगळा धरायचा.

डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचा मध्य २५-२५ मिमी बाहेर, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर ५० मिमीने वाढलं.

व्यासही वाढला, ते विसरून चालणार नाही. १९५ चे ८० टक्के १५६, दोनदा घेऊन ३१२, त्यात १५ इंचांचे ३८१ मिळवले की ६९३ मिमी. २३५ चे ७५ टक्के १७६.२५, त्याचे दुप्पट ३५२.५, अधिक ३८१, म्हणजे ७३३.५ मिमी. चाक ४० मिमी उंच झालं. काटा ताशी ८० दाखवत असेल तेव्हा हिशोबाने गाडी ८४-८५ ने धावतेय. शेकडेवारीचं उदाहरण म्हणून सातवीला द्यायला हरकत नाही.

बाहेर आलं तर आलं, बिघडलं काय?

हा प्रश्न भावानेही विचारला होता. रस्त्यावर अशा कितीतरी गाड्या दिसतात, मग?

घासणं आपण बघितलंच. सरळ चाक घासत नाही, पण स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायरचा पुढचा आणि मागचा कोपरा मोठ्या वर्तुळातून फिरतो. चाक जितकं बाहेर, तितकं ते वर्तुळ मोठं. त्यात गाडी भरलेली असली की स्प्रिंग दबते आणि मडगार्ड खाली येतं. वळण, वजन आणि खड्डा या तिन्ही गोष्टी एका वेळी घाटातच भेटतात, दुकानाच्या दारात भेटत नाहीत.

दुसरं, बेअरिंग. पाण्याने भरलेली कळशी अंगाजवळ धरून बघा आणि मग हात लांब करून धरा. वजन तेच, पण खांदा भरून येतो. टायर हबपासून बाहेर गेला की बेअरिंगवर असाच पीळ पडतो. ते लगेच मोडत नाही, पण लवकर झिजतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तीच कुणी सांगत नाही. पुढचं चाक ज्या उभ्या आसाभोवती वळतं तो आस खाली जमिनीपर्यंत वाढवला, तर तो टायरच्या टेकण्याच्या जागेजवळ येतो. गाडी बनवणाऱ्यांनी हे अंतर विचार करून ठरवलेलं असतं. टायर बाहेर सरकवला की ते वाढतं. दार बिजागरीजवळ ढकललं तर हलत नाही, कडेला ढकललं तर एका बोटाने हलतं. तसंच बाहेर गेलेल्या टायरला खड्ड्याचा किंवा ब्रेकचा झटका बसला की तो स्टेअरिंग जास्त जोराने ओढतो. मलकापूरच्या अलीकडे भावाच्या हातातून स्टेअरिंग ओढलं गेलं, ते "सवय होईल" म्हणून सोडून द्यायचं नव्हतं.

चिखल आणि खडी उडून दारावर, मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यावर बसतात, ते वेगळंच. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनात केलेल्या बदलांविषयी आहे. नोंदणीतला तपशील कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही.

उलट बाजूलाही धोका आहे. ऑफसेट जरुरीपेक्षा जास्त धन असेल तर चाक आत जातं, आणि आतून ब्रेकला, सस्पेन्शनला किंवा स्टेअरिंगच्या दांड्याला घासू शकतं. हे बाहेरून दिसतही नाही. तेव्हा "धन चांगलं, ऋण वाईट" असं मुलांच्या मनात भरू नका. पुढची चाकं ओढणाऱ्या बहुतेक गाड्यांचा ऑफसेट चाळीसच्या आसपास धन असतो, कारण त्यांना आत ब्रेक, आस आणि सस्पेन्शनला जागा हवी असते. जिम्नीचा अवघा ५ आहे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. बघायचं ते मूळ चाकापासूनचा फरक.

स्पेसरबद्दल एक वाक्य. चाक आणि हब यांच्यामध्ये धातूची जाड चकती घालून चाक बाहेर आणतात, ती स्पेसर. २५ मिमीची चकती घातली की ईटी ५ चं चाक ५ − २५, म्हणजे −२० सारखं वागतं. नाव वेगळं, दुखणं तेच, शिवाय नटाला पकडायला आटे कमी पडण्याची भीती.

चाकावर आकडा नसेल तर

जुन्या किंवा स्वस्त चाकावर ईटी छापलेला नसतो. तेव्हा साखरप्याच्या टायरवाल्याची रीत वापरा. टायर नसलेलं चाक जमिनीवर पालथं ठेवा, आतली बाजू वर. वरच्या ओठावर आडवी सरळ पट्टी ठेवा. पट्टीपासून बैठकीपर्यंतची खोली मोजा. मग ओठापासून ओठापर्यंत चाकाची पूर्ण रुंदी मोजा आणि तिची निम्मी करा. खोलीतून ही निम्मी रुंदी वजा केली की ऑफसेट. जिम्नीच्या मूळ चाकाची पूर्ण रुंदी १६५ च्या आसपास भरते, निम्मी ८२.५. खोली ८७.५ आली तर ८७.५ − ८२.५ = ५. खोली निम्म्या रुंदीपेक्षा कमी आली तर उत्तर आपोआप ऋण येतं, चिन्ह आठवत बसायला नको. मला ही रीत त्यासाठीच आवडते.

वर्गात असं घ्या

साहित्य घरातलंच. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा, एक १४ सेंमीची, दुसरी १७.८ सेंमीची. ही जिम्नीच्या जुन्या आणि नव्या चाकाची खरी रुंदी आहे, प्रमाण वगैरे काढायची गरज नाही. दोन्हींच्या उजव्या टोकाला "रस्ता" लिहा, डाव्या टोकाला "गाडी". मध्यावर शून्य. शून्याच्या उजवीकडे धन, डावीकडे ऋण. पहिल्या पट्टीवर +०.५ सेंमीवर लाल खूण, दुसरीवर −२ सेंमीवर लाल खूण. ही बैठक.

आता बाकावर खडूने एक उभी रेघ मारा. ही गाडीचा हब. आणि मुलांना काहीही न मोजता आधी विचारा : लाल खूण खडूच्या रेघेवर ठेवली तर कुठली पट्टी रस्त्याकडे जास्त जाईल? हात वर करायला लावा, फळ्यावर मतं लिहा. माझ्या वर्गात एकतीसपैकी तेवीस जण माझ्यासारखेच चुकले. मग पट्ट्या ठेवायला लावा. पहिली रेघेपासून ६.५ सेंमी बाहेर जाते, दुसरी १०.९ सेंमी. हे डोळ्यांनी बघितल्यावर मुलं स्वतःच भांडायला लागतात. एक मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही रेघ हलवा, पट्टी नका हलवू." मी म्हटलं हलव. त्याने पट्टी धरून ठेवली, खडूची रेघ पुसून डावीकडे मारली आणि म्हणाला, "गाडीच आत गेली की!" तोवर मला हे याहून सोप्या शब्दांत सांगता आलं नव्हतं.

पालकांसाठी

चाकं बदलायचीच असतील तर आधी मूळ चाकाची रुंदी आणि ईटी लिहून घ्या, मग नव्याचं वरचं गणित कागदावर करा, आणि तो कागद खिशात घेऊन दुकानात जा. चाचणी घरची माणसं आणि सामान भरून घ्या. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवून पुन्हा वळवा. नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळून घ्या आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासा. स्टेपनीही त्याच मापाची हवी, विशेषतः चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत. वेगळ्या व्यासाचं एक चाक लावून फोर व्हीलमध्ये डांबरावर पळवलं तर भार गियरवर येतो.

भावाने मूळ चाकं परत बसवली. नशीब, विकली नव्हती. नवी पाच, टायरसकट लाखाच्या आसपासची, अजून त्याच्या पडवीत आडवी आहेत. विकत घ्यायला कोणी आलं की आधी मला फोन लावतो.

सरावासाठी तीन उदाहरणं

१) रुंदी तीच ठेवून ईटी ४५ ऐवजी ईटी ३५ चं चाक लावलं. चाक कुठल्या बाजूला, किती सरकेल?

२) गाडीचं चाक ६.५ जे, ईटी ४० आहे. ८ जे चाक लावायचंय, पण आतली कड जागची हलता कामा नये. ईटी किती हवा? मग बाहेरची कड किती बाहेर येईल?

३) ईटी ३० च्या चाकाला ३५ मिमीचा स्पेसर लावला, तर ते किती ऑफसेटच्या चाकासारखं वागेल?

उत्तरं : १) १० मिमी बाहेर. २) जुनी आतली कड ८२.५५ + ४० = १२२.५५, त्यातून १०१.६ वजा केले की २०.९५, म्हणजे ईटी २१ च्या जवळ. बाहेरची कड ३८.१ मिमी बाहेर, म्हणजे वाढलेला दीड इंच पुरा बाहेरच गेला. ३) −५. तिसऱ्या उदाहरणात मुलांनी नुसतं ५ लिहिलं तर त्यांना पट्टी द्या आणि खूण करायला लावा, चूक त्यांची त्यांनाच दिसते.